लख्ख दगड

घर बदलताना खाऱ्या पाण्यातले मासे नव्या टाकीत हलवायचे होते. जुनं पाणी बादल्यांत भरलं, मासे आणि प्रवाळ वेगवेगळ्या डब्यांत ठेवले. टाकीतले दगड तेवढे मदतीला आलेल्या नणंदेने नळाखाली घासले.

"वहिनी, किती बुळबुळीत होते गं! बघ, कसे लख्ख केले."

त्या बुळबुळीत थरातच माशांची पाण्यात विरघळलेली, न दिसणारी विषारी घाण पचवणारे सूक्ष्म जीव होते. ते गोड्या पाण्याने मेले. नव्या घरात जुनं काही घासल्याशिवाय न्यायचं नाही, हीच आपली माया करायची रीत. घासताना काय जिवंत आहे, हे कोण बघतं?

आज प्रवाळ मिटलेत. मासे वर येऊन तोंडं उघडतायत.

"पाणी तर केवढं नितळ आहे," नणंद म्हणाली.

खरंच आहे. सोफ्यावर बसूनही प्रत्येक माशाची धाप दिसते.