आईसाठी घेतलेली गाडी

गल्लीत त्याला सगळे भडकू म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. धंदा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा, म्हणजे गिऱ्हाइकाशी गोड बोलावं लागणारा. पण नवी गाडी दुकानापुढे उभी राहिली की याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "गार हवा सोडणारी सीट हवी म्हणून जास्तीचे पैसे मोजलेत ना? मग वर माझं कव्हर कशाला? ती हवा काय कापडाला खायला घालणार?" असं तोंडावर विचारायचा. शिवण मात्र अशी की बोट फिरवलं तरी टाका जाणवायचा नाही, म्हणून लोक त्याचं ऐकून घ्यायचे.

त्याचं म्हणणं एवढंच, की गाडी माणसं न्यायला असते. शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरली. मग ती जेवढी माणसं नेईल, जेवढं ओझं ओढेल, तेवढे पैसे वसूल. बाकी सगळा नुसता रुबाब. स्वतःची व्हॅन त्याने जुनी, दोन मालकांनी वापरून टाकलेली घेतली होती. फोमचे गठ्ठे, कापडाचे तागे, वेळ पडली तर शेजाऱ्यांचं कपाटसुद्धा तिच्यात जायचं. खडखडाट एवढा की ती कोपऱ्यावर वळली की बायको घरात चहा टाकायची.

थोरल्या भावाने नवी कोरी गाडी घेतली तेव्हा मात्र भडकू गप्प बसला. कारण दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आईसाठी घेतली. या वयात तिने त्या खटाऱ्यात धक्के का खायचे?" आई राहायची भडकूकडे. नजर अधू झालेली, पण बोटं तयार. दादाच्या गाडीची कव्हरं भडकूच शिवणार होता; त्यांचं मऊ मखमली कापड तिनेच चाचपून निवडलं. "माझ्या थोरल्याची गाडी आहे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत ती दिवसभर मशीनशेजारी बसून राहायची. भडकूने एक पैसा घेतला नाही. कव्हरं बसवायला गेला, तर दादा म्हणतो, "कंपनीचं प्लॅस्टिक काढू नकोस हं. त्याच्यावरूनच घाल." आता सांगा, याला काय म्हणावं? भडकूने दात आवळले आणि प्लॅस्टिकवरून कव्हर घातलं.

मग आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी ती सकाळपासून नर्सला सांगत होती, "थोरला येतोय न्यायला. नवी गाडी घेऊन."

थोरला काही आला नाही. भडकूने व्हरांड्यातून फोन लावला.

"अरे, तिला लघवीची पिशवी लावलीय ना," दादा म्हणाला. "सांडलं-लवंडलं तर वास जात नाही रे. महिनासुद्धा झाला नाही गाडीला. तू टॅक्सी कर, भाडं मी देतो."

"वर कव्हर आहे! खाली प्लॅस्टिक आहे! सांडलं तरी कुठे जाणार आहे?"

"कव्हरही नवंच आहे की."

भडकूने फोन खिशात कोंबला, नर्सला "आलोच" म्हणाला आणि व्हॅन थेट दादाच्या इमारतीखाली नेऊन उभी केली. नवी गाडी तिथे धुऊनपुसून ठेवलेली.

"दादा! किल्ली घेऊन खाली ये!" तो खालूनच ओरडला.

दादा धावत उतरला. "हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत ना! लोकांनी बघायलाच घेतलीयस!" दादाने गाडीचं दार उघडताच भडकूने एकेक हूक काढून कव्हरं ओढायला सुरुवात केली. इमारतीच्या खिडक्या भराभर उघडल्या.

"अरे, दिलेली वस्तू परत नेतोस? लाज नाही वाटत?"

"मला? मला लाज? आईला बसायला शिवली होती मी ही, तुझ्या प्लॅस्टिकला पांघरायला नाही! आता बस त्याच्यावर चरचर करत, आणि कर पैसे वसूल!"

व्हॅनमध्ये त्याने फोमचा जाड थर घातला, वर सगळी कव्हरं अंथरली. दवाखान्यातल्या दोघांनी आईला उचलून अलगद आडवं केलं. आईचा हात कापडावरून फिरला, शिवणीपाशी थांबला, आणि तिचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका.

"बघ! म्हटलं नव्हतं तुला? थोरल्याने पाठवली ना गाडी?"

भडकूच्या जिभेवर काय काय आलं होतं! पण तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला. "हो. कामात अडकलाय, म्हणून पाठवली," एवढंच म्हणाला आणि चाक हातात घेतलं.

व्हॅन निघाली. आई थोडा वेळ कान देऊन ऐकत होती.

"काय रे, नवी ना ही?"

"नवी."

"मग एवढी खडखडते कशी? आणि धक्के तर आपल्या व्हॅनसारखेच बसतायत." ती हळहळली. "फसवलं रे माझ्या पोराला. एवढे पैसे ओतले त्याने, तेही माझ्यासाठी. तू त्याला काही बोलू नकोस हं. मन मोडेल त्याचं."

"नाही बोलणार."

तेवढ्यात एक सायकलवाला जरासा आडवा आला. भडकूने काच खाली करून त्याला अशी शिवी हासडली की तो बिचारा पडता पडता राहिला.

"अरे अरे," मागून आई म्हणाली, "त्याच्यावर का चिडतोस? त्याने काय केलंय तुझं?"