दोन हजार जिताडे आणि एक शाकाहारी

ही सहल गेल्या वर्षी एप्रिलमधली. लिहायला इतका उशीर झाला, कारण तिचा शेवट काय होणार हे गेल्या रविवारपर्यंत मलाच माहीत नव्हतं. लोक स्पितीला जातात, मेघालयला जातात, ढगांसमोर हात पसरून फोटो काढतात. मी पालघरच्या पुढे माशांची पिल्लं आणायला गेले. कुणी जाणार असेल तर माझ्या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही गिरगाव सोडून पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलो तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, माझी मासेवाली एकच आहे. केबिन रोडची हिरामावशी. ती भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यातली. कुठलाही मासा उचलला की ती माझ्या डोळ्यात डोळे घालून म्हणते, "सकाळचाच हाय गो, आता हलत होता." तिच्या पाटीवरचा मासा बारा वर्षं आताच हलत होता. मी कधी वाद घातला नाही.

एका शुक्रवारी तिनं पापलेटांखालून एक सरकारी कागद काढून माझ्या हातात दिला. सरकारनं खाड्या पुन्हा नांदत्या करायला हात सैल सोडला होता. मत्स्यबीज केंद्रांना निधी, खाडीतला गाळ आणि प्लास्टिक काढायला निधी, काठावर तिवरं लावायला निधी. शिवाय कोळीवाड्याच्या सोसायटीला जिताड्याची दोन हजार पिल्लं फुकट. अट एकच: खाडीच्या ज्या वळणावर ती सोडायची, तिथे पुढच्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी जाळं टाकायचं नाही.

मी कचेरीत विम्याचे फॉर्म तपासते, त्यामुळे कागदाला भीत नाही. मावशीला केंद्रावर सह्या करायला असं माणूस हवं होतं. पण तिची खरी धास्ती वेगळी होती. वळणावर जाळी टाकणाऱ्या नऊ घरांना तिनं एकटीनं राजी केलं होतं, प्रत्येक उंबऱ्यावर चार-चार वेळा जाऊन. शेवटपर्यंत अडून बसले ते तिचे मोठे दीर, दामूकाका. "सरकारचा मासा कागदावर पोहतो," असं त्यांचं म्हणणं. "पिल्लं मेली तर दुसऱ्या दिवशी वळणावर पहिलं जाळं माझं पडेल," असं त्यांनी भर बैठकीत सांगून टाकलं होतं. एक जाळं पडलं की बाकीची आठ पडायला वेळ लागणार नव्हता, आणि मावशीला उरलेला जन्म कोळीवाड्यात टोमणे खात काढावा लागणार होता.

आता जयेशभाई. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि इतके शाकाहारी आहेत की केबिन रोडला मासळीची बाजू आली की रस्ता ओलांडतात. लिफ्टमध्ये मी सहज म्हणाले की मासे सोडायला चाललेय. त्यांचा चेहरा उजळला. दोन हजार जीव पाण्यात सोडायचे, याहून मोठं पुण्य ते कुठलं? त्यांनी तिथल्या तिथे स्वतःची गाडी देऊ केली, पेट्रोलसकट. ते जीव मोठे झाल्यावर पुढे काय, हे त्यांनी विचारलं नाही. मी खोटं बोलले नाही, फक्त वाक्य मध्येच सोडलं.

सकाळी साडेपाचला निघालो. पुढे मावशीच्या भाच्याचा, गजाचा टेम्पो. गजा चाळिशीचा, भरघोस मिशांचा, वीस वर्षं मासळी वाहणारा. टेम्पोत त्याच्या शेजारी मावशी, मागे पांढऱ्याशुभ्र गाडीत जयेशभाई आणि मी. या गाडीत कधी उकडलेलं अंडंही शिरलेलं नाही, असं त्यांनी काशिमीऱ्याच्या आधीच मला दोनदा सांगितलं.

रस्त्याबद्दल: सहाच्या आत घोडबंदरजवळचा खाडीपूल ओलांडा. नंतर निघालात तर पुलावरच तुमचे केस पांढरे होतील. पुढे हायवे चांगला आहे. खानिवड्याचा टोल, मग मनोर, तिथून डावीकडे पालघर. मनोरला मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव मात्र कालचे. जयेशभाईंनी घरून थेपले, छुंदा आणि थर्मासमधून चहा आणला होता, तो हॉटेलच्या चहापेक्षा दसपट चांगला होता. मावशीनं चार थेपले खाल्ले आणि यात सुकट घातली तर झकास लागेल असं त्यांना सांगितलं. जयेशभाई म्हणाले, "विचार करतो." माणूस फार सभ्य आहे.

मत्स्यबीज केंद्र हे बघण्यासारखं ठिकाण आहे, यावर माझा आधी विश्वास बसला नसता. ओळीनं सिमेंटच्या टाक्या, वर हिरवी जाळी, आणि टाकीत वाकून बघितलं की पाणीच थरथरतंय असं वाटतं. ते पाणी नसतं, पिल्लं असतात, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. तिथल्या मॅडम तरुण आणि कडक होत्या. निधी आल्यापासून नव्या टाक्या झाल्या, आता गावोगावचे लोक पिल्लं न्यायला येतात म्हणून त्या खूश होत्या. त्यांनी माझ्याकडून सात सह्या घेतल्या आणि शंभर-शंभर पिल्लांच्या वीस पिशव्या ऑक्सिजन भरून, बांधून, खोक्यांत ठेवून दिल्या.

मग सूचना. ऊन लागू देऊ नका. खोक्यांवर ओली गोणपाटं घाला. पोचल्यावर पिशव्या बंदच ठेवून अर्धा तास खाडीत तरंगू द्या, मग थोडं थोडं खाडीचं पाणी आत घ्या, मग सोडा. जिताडा लहान माशांना खातो, म्हणून दुसऱ्या कशात मिसळू नका. या शेवटच्या वाक्याला जयेशभाई एका टाकीत वाकून पिल्लांशी गुजरातीत बोलत होते. मावशीचा चेहरा मात्र उतरला होता. बाहेर आल्यावर म्हणाली, "मासा कसा ठेवावा ते मना शिकवते ती. माझा जलम गेला माशात."

इथेच आमचं चुकलं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

परतीला विरार फाट्यावर वडापाव आणि ताक घ्यायला थांबलो. बायकांसाठी सोय बरी आहे, कागद मात्र आपला न्यावा. गजा पाच मिनिटांत आलो म्हणाला आणि टेम्पो घेऊन कुठेतरी जाऊन आला. आला तो फार समाधानी दिसत होता. पुन्हा निघालो आणि ज्याची भीती होती तेच झालं. पुलाच्या अलीकडे एक ट्रेलर बंद पडला होता आणि मागे दोन किलोमीटर गाड्या उभ्या. दुपारचा दीड. भरती तीनपर्यंत. ओहोटी लागली की त्या वळणावर गुडघाभर चिखल उरतो.

अर्ध्या तासानंतर जयेशभाईंना राहवलं नाही. पिल्लं बघून येतो म्हणून उतरले. मीही मागोमाग गेले. टेम्पोच्या मागून पाण्याची धार लागली होती. गजानं अभिमानानं ताडपत्री वर केली. वीसच्या वीस पिशव्या बर्फात पुरलेल्या होत्या. चांगल्या दोन लाद्या फोडून, थरावर थर लावून रचलेल्या.

"ऊन लागू देऊ नका बोलली ना ती," गजा म्हणाला. "वीस वर्षांत माझा एक मासा खराब झाला न्हाय."

ते खरंच होतं. फक्त वीस वर्षांत त्याच्या टेम्पोत एकही मासा जिवंत चढला नव्हता. मावशीनंही आत पाहिलं, आणि पहिला क्षण तिनं मान डोलावली, की छान रचलंय. मग तिच्या ध्यानात आलं. पिशव्यांतली पिल्लं तळाशी गप्प पडली होती. ती टेम्पोच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "दामूभावजींना काय सांगू मी आता?"

मासा तळायचा असता तर मी मदत केली असती.

तेवढ्यात जयेशभाईंनी बाह्या वर सारल्या. त्यांच्या हॉलमध्ये शोभेच्या माशांची चार फुटी काचपेटी आहे. वास्तुवाल्यानं सांगितलं म्हणून आणली आणि मग त्यांचा तीतच जीव गुंतला. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. त्या हायवेवर जिवंत माशाबद्दल काही कळणारा एकच माणूस होता, आणि तो मासे खात नव्हता.

"बर्फ काढा पहिला," ते म्हणाले. "गरम पाणी नाही, ऊन नाही. एकदम गरम केलं तर शॉक लागेल. सब धीरे धीरे. मेरी गाडी में लाओ."

आम्ही पिशव्या त्या पांढऱ्या गाडीत भरल्या. मागच्या सीटवर दहा, पायाशी सहा, माझ्या आणि मावशीच्या मांडीवर दोन-दोन. एसी बंद, काचा बंद, बाहेर एप्रिल. मावशीनं पदराखाली पिशव्या घेतल्या आणि मधूनमधून आत बघत राहिली. जयेशभाई गाडी चालवताना हळू आवाजात जप करत होते. शेजारच्या लेनमधल्या मासळीवाल्यानं आमचा बर्फ आनंदानं उचलून नेला आणि जाता जाता काचेतून बघून विचारलं, कसे दिले?

पूल सुटला तेव्हा मावशीच्या मांडीवरच्या पिशवीत एक पिल्लू वळलं. "हललं गो," ती म्हणाली. या खेपेला मी तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवला.

खाडीवर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि पाणी मागे फिरायच्या बेतात होतं. नऊ घरांची माणसं धक्क्यावर उभी, पुढे दामूकाका. पिशव्या बघितल्या तशी दोघा-तिघांनी लगेच ओतायची तयारी केली. जयेशभाई आडवे आले. बूट काढले आणि पांढऱ्या पँटमध्ये चिखलातून मांडीभर पाण्यात उतरले. पिशव्या तरंगत ठेवायच्या, अर्धा तास, कुणी गाठ सोडायची नाही. दामूकाका म्हणाले, आमच्या खाडीत मासा कसा सोडायचा ते आता पूनम सागरवाले सांगणार. मावशी त्यांच्याकडे वळली.

"तो सांगल तसाच करायचा," ती म्हणाली. "आपल्याला मेलेला मासा कळतो, भावजी. जिता त्याला कळतो."

एवढं बोलून ती स्वतःही पाण्यात उतरली. मग गजा उतरला, मग मी. अर्धा तास आम्ही चौघं वीस पिशव्या धरून खाडीत उभे होतो. माझी एक चप्पल चिखलानं गिळली ती अजून तिथेच आहे. तेव्हा सूचना: पट्ट्याच्या चपला घाला.

गाठी सोडल्या, ओंजळीनं खाडीचं पाणी आत घेतलं, पिशव्या कलंडवल्या. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाण्यात एक चकाकी गेली, मग दहा, मग मोजता येईनात. एकोणीस पिशव्या रिकाम्या झाल्या. विसावी बर्फाच्या अगदी तळाला होती, तिच्यातली पिल्लं गेली होती. जयेशभाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तोंड फिरवलं, पण दामूकाकांनी ते बघितलं होतं. काकांनी ती पिशवी त्यांच्या हातून घेतली, आत निरखून बघितलं आणि म्हणाले, "एक हाय अजून." ते एक अशक्त पिल्लू जयेशभाईंनी पाण्याच्या बाटलीत घालून घरी नेलं. त्याचं नाव लकी ठेवलं.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी मला दारातच आंघोळीला पाठवलं. जयेशभाईंच्या गाडीचा वास तीन वेळा धुऊन गेला नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या काचपेटीतले गप्पी मासे एकेक करून नाहीसे व्हायला लागले. त्यांना वॉचमनच्या मांजराचा संशय होता. शेवटी त्यांच्या बायकोनं लकीला रंगेहाथ पकडलं. या घरात नॉनव्हेज चालणार नाही, असं तिनं बजावलं. दिवाळीत लकी वीतभर झाला होता, तेव्हा आम्ही तिघं जाऊन त्याला त्याच वळणावर सोडून आलो. जयेशभाईंनी मावशीकडून वचन घेतलं की याला कुणी धरणार नाही. मावशीनं गंभीरपणे विचारलं, काही खूण आहे का? डाव्या कल्ल्याजवळ एक खवला वाकडा आहे, असं त्यांनी सांगितलं. "मग वळखते मी," ती म्हणाली.

जाळी शब्दाला जागली. मध्ये बाहेरच्या कुणीतरी वळणावर गळ टाकला, तर दामूकाकांनीच होडी घालून त्याला पिटाळलं. या वर्षीची नारळी पौर्णिमा झाली, पण श्रावणात गिऱ्हाईक नाही म्हणून सगळे गणपती जाईपर्यंत थांबले. गेल्या रविवारी वळणावर पहिलं जाळं पडलं, आणि ते दामूकाकांचंच होतं. वर येईना, म्हणून शेजारच्या दोन घरांची माणसं ओढायला लागली.

दुपारी मावशी पहिल्यांदाच आमच्या घरी आली. ओट्यावर सव्वा किलोचा जिताडा ठेवला आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. "तुझा वाटा हाय," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. माझेही भरून आले. एवढ्या प्रवासांतून मी फ्रिजवर लावायची चुंबकं आणली, शाली आणल्या, पण कुणी मला वाटा दिला नव्हता.

पहिली तुकडी तव्यावर पडली आणि फोन वाजला. हल्ली वास वर गेला की वाजतोच.

"भाभी, आज कौन सा?"

"बांगडा," मी म्हणाले.

"ओके, ओके." मग त्यांनी विचारलं, "लकी ठीक होगा ना?"

मजेत असेल, मी म्हणाले. तसं मी मावशीला विचारून घेतलं होतं. लकीही जाळ्यात आला होता, म्हणाली, पण तिनं खवला बघून ओळखला आणि परत पाण्यात सोडला. हे तिनं मला डोळ्यात डोळे घालून सांगितलं, केबिन रोडवर बारा वर्षं सांगते अगदी त्याच चेहऱ्यानं.

ताटात कल्ल्याकडची तुकडी होती. मी ती न बघता ह्यांना वाढली.