हौसाआक्का आणि मॅडमचं लॉन

बागकाम करणाऱ्याकडे फोटो कमी आणि किस्से जास्त साठतात. झाड मेलं की फोटो मोबाईलमधून काढून टाकावा लागतो, किस्सा ठेवता येतो. मी गेली पंचवीस वर्षं मुळशीत बंगल्यांच्या बागा करतोय. घर पौडला, काम रिहे खोऱ्यापर्यंत कुठेही. व्हिजिटिंग कार्डावर 'लँडस्केप' असं छापलंय, पण लोक मला 'लॉनवाला दिलीप' म्हणूनच ओळखतात.

सध्या हा लॉनवाला लोकांची लॉनं काढून देतो. त्यातली निम्मी मीच घातलेली आहेत. मित्रांना हे सांगितलं की ते पोट धरून हसतात. मीही हसतो. पण माझे बहुतेक किस्से फिरून फिरून हौसाआक्कापाशी येतात, आणि तिथे आलं की मला नीट हसता येत नाही.

*

हौसाआक्का रिह्याजवळच्या एका वाडीतली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. मी धंदा सुरू केला त्या दिवसापासून माझ्याकडे खुरपणीला. पहिलं लॉन घातलं तेव्हा मी तिला मोठ्या तोऱ्यात समजावून सांगत होतो. रोज पाणी द्यायचं, आठवड्याला कापायचं, महिन्याला खत टाकायचं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे गवत जनावरं खात्यात का?"

"नाही."

"मंग कापून टाकायचं कुटं?"

"बाहेर फेकायचं."

"आन् फिरून पानी घालून वाढवायचं?"

"हो."

आक्काने लॉनवर हात फिरवून बघितला. मग म्हणाली, "त्या लोकान्ला घरात दुसरं काय काम न्हाई व्हय?"

हा किस्सा सांगून मी वर्षानुवर्षं क्लायंटना हसवलंय. खेड्यातल्या बाईचा भाबडेपणा म्हणून सांगायचो. आता सांगताना लाज वाटते, कारण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

*

रिह्यातल्या मॅडमचा बंगला हे माझं मोठं काम. मॅडम कॉलेजात शिकवायच्या. त्यांचे यजमान तेव्हा होते आणि त्यांना गेटपासून व्हरांड्यापर्यंत सलग हिरवं हवं होतं. मध्ये एक काळा कातळ, त्याच्या कडेने करवंदी आणि तेरडा. जागा आक्काच्या दिराने विकलेली.

पावसाने उघडीप दिली तसा मी जेसीबी बोलावला. आक्का खुरपं हातात घेऊन कातळापाशी उभी राहिली.

"दिलीप, आठ दिस थांब की. गौरीपातुर. वाडीतल्या बाया हितनंच गौर नेत्यात."

आमच्याकडे कितीतरी घरांत गौर म्हणजे मुखवटा नसतो. कातळाच्या कडेचा तेरडा मुळासकट उपटून आणायचा, तीच गौर. हे मला काय माहीत नव्हतं? माझी आईसुद्धा तशीच आणायची. पण लॉनचे रोल टेम्पोतून उतरवून झाले होते आणि दोन दिवसांत अंथरले नाहीत तर पिवळे पडतात.

मी म्हणालो, "आक्का, तेरडा काय, रस्त्याच्या कडेला मिळेल ढीगभर."

ती कातळापासून बाजूला झाली. जेसीबीने अर्ध्या दिवसात सगळं सपाट केलं. दुसऱ्या दिवशी आक्का वेळेवर कामाला आली आणि तिने माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून लॉन अंथरलं. आठ दिवस थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? चार रोल पिवळे पडले असते, एवढंच.

*

लॉनवरच्या बायकांना मी एकच नियम शिकवला होता, "जे आपण लावलं नाही, ते उपटायचं."

आक्काने तो नियम असा पाळला की विचारू नका. दोन पानांचा तेरडा, बोटभर कुडा, काहीही असो, तिच्या नजरेतून सुटायचं नाही. एकदा एका क्लायंटच्या मुलीने पाहुण्यांनी भेट दिलेलं रोप लॉनच्या मधोमध हौसेने लावलं. दुपारी ते कचऱ्यात.

क्लायंट चिडले. आक्का म्हणाली, "मला कुनी सांगितलं न्हाई. आन् दिलीपनं बी लावलं न्हवतं."

मी मात्र तिच्या नजरेचं मार्केटिंग करायचो. "आमच्या आक्काच्या हातून तण वाचत नाही," असं म्हणायचो. तण म्हणजे काय, हे ठरवणारा मी होतो आणि ती ज्यांना लहानपणापासून नावानिशी ओळखत होती त्यांना रोज तिच्याच हातांनी उपटायला लावत होतो. मला हे कधी सुचलंसुद्धा नाही.

*

यजमान गेल्यावर मॅडम कायमच्या रिह्याला राहायला आल्या. पुण्यात कसल्याशा वर्कशॉपला जाऊन आल्या आणि मला बोलावून म्हणाल्या, "दिलीप, लॉन काढायचं. इथे जे मूळचं होतं, ते परत लावायचं."

मी लगेच म्हणालो, "मॅडम, मी तर कधीपासून हेच म्हणतोय."

मी असं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

मग मी लांबच्या एका नर्सरीतून टेम्पोभर 'नेटिव्ह' रोपं आणली. प्रत्येकाला पिवळी पट्टी, पट्टीवर लॅटिन नाव. आक्का टेम्पोजवळ येऊन एकेक पान चोळून वास घेत होती.

"ही निरगुडी. ही धायटी. ह्यो कुडा. समदं आमच्या वढ्याला हाय की. तू इकत आनलंस?"

"आक्का, ही नर्सरीत वाढवलेली आहेत."

"मंग वढ्याची काय दवाखान्यात वाढल्यात?"

मॅडम हसल्या. मी नाही हसलो. मला वाटलं, क्लायंटसमोर माझी किंमत कमी झाली. तेव्हाच तिला विचारायला हवं होतं की आक्का, इथे आधी कुठे काय होतं ते सांग. जेसीबी यायच्या आधीची ती जागा इंच इंच ठाऊक असलेलं माणूस माझ्या समोर उभं होतं, आणि मी लॅटिन पट्ट्या वाचत बसलो.

*

आता जो किस्सा सांगतो, तो पौडच्या चहाच्या टपरीवर फार चालतो.

मी बाहेरून रोजंदारीची पोरं आणून अर्धं लॉन काढलं आणि रोपं लावली. दोन पावसांत ती मस्त जीव धरून उभी राहिली. पिवळ्या पट्ट्या वाऱ्याने उडून गेल्या होत्या. तिथल्या खुरपणीला मी दर वेळी समोर असायचो, पण एक दिवस हिंजवडीला दुसऱ्या कामावर गेलो. आक्काचा तो खुरपणीचा नेहमीचा वार होता. संध्याकाळी मी रिह्याला पोचलो, तर अंगण आरशासारखं स्वच्छ. गेटबाहेर रोपांचा ढीग रचून ठेवलेला, मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला.

आक्का म्हणाली, "झालं समदं साफ."

टपरीवर इथे सगळे टाळ्या देतात. पुढचं मी तिथे सांगत नाही.

मी मॅडमसमोर तिच्यावर ओरडलो. "इतकी वर्षं झाली, तुला एवढंही कळत नाही? शेतकऱ्याची बाई ना तू?"

तिने नळाखाली खुरपं धुतलं आणि ओट्यावर नीट ठेवलं. मग म्हणाली, "कळत व्हतं की. पन ही मी लावली न्हवती, तू मला लावायला बी बोलावलं न्हवतंस. जे आपन लावलं न्हाई ते उपटायचं. तूच न्हवं का सांगितलंस?"

आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली नाही. मी चार वेळा तिच्या घरी जाऊन आलो. दर वेळी सून दारात यायची आणि सांगायची, "आत्या घरी न्हाईत." आतून आक्काच्या खोकल्याचा आवाज यायचा.

मला तिची माफी मागायची होती. ओरडल्याची तर होतीच, पण त्याच्याही आधीची, त्या आठ दिवसांची. माफी मागायला समोर माणूस तरी हवं ना!

*

आक्काशिवाय मी जे दिवे लावले, तेही सांगून टाकतो.

तेरडा पाहिजे म्हणून मी उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेची, मला तेरडा वाटलेल्या वाळक्या झाडांची माती आणि बी गोणीत भरून आणलं आणि मॅडमच्या अंगणात मोठ्या विश्वासाने पसरलं. पावसाळ्यात दाट हिरवं उगवलं. मॅडमने मैत्रिणींना फोटो पाठवले. पंधरा दिवसांनी पांढरी फुलं आली. सगळं गाजरगवत होतं.

ते उपटताना मॅडमना शिंका आणि मला घाम. त्यात एक एजंट गेटवर येऊन विचारून गेला, "बंगला बंद दिसतोय, विकायचाय का?"

शेवटी मॅडम म्हणाल्या, "दिलीप, आता तुम्ही वर्षभर काहीही करू नका."

मला हे सगळ्यात अवघड गेलं. पण पुढच्या पावसात वरच्या उतारावरचं पाणी कंपाउंडच्या भिंतीच्या भोकांतून आत आलं, आणि त्याच्याबरोबर बी आलं. श्रावणात भिंतीकडेने तेरडा उगवला. गुलाबी, खराखुरा. मी त्यातलं एकही रोप लावलं नव्हतं.

मी सुनेकडे निरोप ठेवला, "आक्काला सांग, तेरडा आलाय. गौरीला गेट उघडं ठेवतो." उत्तर आलं नाही.

*

गौरी यायच्या दिवशी मी रिह्यातच दुसऱ्या टोकाला एका कामावर होतो. मॅडमच्या वॉचमनचा, तिवारीचा फोन आला. तो नवीनच लागला होता आणि गेट उघडं ठेवायचं त्याला सांगायला मी विसरलो होतो.

"साहब, एक बुढ़िया पौधा उखाड़ के ले जा रही है। कितना भी पूछो, कुछ बोलती नहीं। मैंने गेट बंद कर दिया है।"

मी बाईक काढली. गेटपाशी हौसाआक्का उभी. नवं लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत पदराखाली धरलेला मुळासकट तेरडा. आणि गाल फुगलेले.

वाडीतली रीत अशी आहे की गौर उपटली की तोंडात पाण्याची गुळणी धरायची आणि घरच्या उंबऱ्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तिवारीला हे कुठून माहीत असणार? तो बिचारा दहा मिनिटं तिला नाव विचारत होता आणि ती दहा मिनिटं गुळणी धरून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती.

मी त्याला गेट उघडायला सांगितलं. तो कडी काढायला वळला आणि माझ्या ध्यानात आलं की आज आक्का समोर आहे, आणि आज तिला 'घरी न्हाई' म्हणता येणार नाही.

मी बोलायला लागलो. "आक्का, मी आठ दिवस थांबायला पाहिजे होतं. तू विचारत होतीस आणि मला रोलची पडली होती. तुझ्याकडून तुझाच तेरडा उपटून घेतला, वर तुलाच शहाणपण शिकवलं. मॅडमसमोर तुझ्यावर ओरडलो. चुकलो मी." आणखीही बरंच बोललो, सगळं आता आठवत नाही. तिवारी कडी हातात धरून बघत राहिला. मॅडम व्हरांड्यात आल्या आणि तिथेच थांबल्या.

आक्काने सगळं ऐकलं. पापणीसुद्धा हलवली नाही. माझं बोलणं संपलं तशी ती माझ्या शेजारून निघाली आणि वाडीच्या वाटेने चालू लागली. मागे वळून बघितलं नाही. गौर नेताना वळून बघायचं नसतं, तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळेना.

रात्र कशी काढली माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी गेलो. या वेळी सून दारातून बाजूला झाली. आत पाटावर तेरड्याची गौर मांडलेली, तिला खणाचं लुगडं नेसवलेलं. आक्का चुलीपाशी बसून पुरण वाटत होती.

मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, "आक्का, काल मी बोललो ते..."

"ऐकलं की समदं."

"मग?"

"मंग काय? तोंडात पानी व्हतं म्हनून वाचलास. न्हाईतर तितंच, त्या मॅडमम्होरं, तुझ्या सात पिढ्या काढल्या असत्या."

"मग आता काढ," मी म्हणालो. "मी त्यासाठीच आलोय."

तिने पाटावरच्या गौरीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आता घरात गौर हाय. हिच्यासमोर न्हाई बोलायची मी तसलं. उद्या सांजच्याला ती जाईल. परवा ये." मग पुन्हा पुरणाला हात घालत म्हणाली, "आन् जेवून ये. लई येळ लागंल."