ताण न देता फुलणारं झाड

"मॅडम, रोग नसनच. पाण्याचा दोष लिहा अन् मोकळ्या व्हा," देवरावभाऊ म्हणाले.

लॅबच्या टेबलावर तीन पिशव्या होत्या. एकीत वरूडच्या त्यांच्या संत्र्याच्या झाडाची पानं. दुसरीत त्यांच्या मुलीच्या, सुनंदाच्या, बार्शीटाकळीजवळच्या बागेतल्या कलमांची. ती कलमं त्यांनीच बांधून लेकीला लग्नात दिली होती. आता ती पिवळी पडत चालली होती. व्याही उघड म्हणत होते, सुनेच्या बापानं रोग पाठवला. तिसऱ्या पिशवीत त्याच बागेतल्या, दुसऱ्या नर्सरीतून आणलेल्या ओळीची पानं होती. ती मीच फोनवर मागवली होती. तुलनेला काही नसेल तर आमच्या लॅबचा रिपोर्ट अर्धाच.

"कलमं बांधायला डोळे कोणत्या झाडाचे घेतले?" मी विचारलं.

"एकाच. बाकीच्या झाडायले पाणी तोडून ताण द्या लागते, तवा बहार येते. हे बिनताणाचं फुलते. केव्हाबी! असं झाड सोडून दुसऱ्याचे काहून घेऊ?"

अवेळी फुलणं हे ग्रीनिंग रोगाचंही लक्षण असतं. पण लक्षणावरून निकाल देत नाहीत.

ग्रीनिंग जिवाणूमुळे होतो. जिवाणू म्हणजे एकच पेशी, तेच त्याचं सगळं शरीर. तो झाडाच्या अन्न वाहणाऱ्या नळ्यांत राहतो. माणसाला पेशी पहिल्यांदा दिसल्या त्या बुचाच्या पातळ कापात, म्हणजे मेलेल्या, नुसत्या रिकाम्या खोल्या. जिवंत पेशी अन्न घेते, ऊर्जा बनवते, विभागते, आणि नवी पेशी आधीच्या पेशीतूनच येते, हे पटायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षं गेली. कलमाचं सगळं काम त्यावरच चालतं. जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर बसवलेला डोळा म्हणजे मूळ झाडाच्या थोड्या जिवंत पेशी. त्याच विभागत जाऊन झाड होतं, म्हणून फळ हुबेहूब तसंच येतं. डोळ्यात जिवाणू असला तर तोही सोबत जातो.

पानांच्या शिरांतून डीएनए काढला, त्यात जिवाणूचा अंश शोधणारी पीसीआर टेस्ट लावली. वरूडचं झाड पॉझिटिव्ह. कलमं पॉझिटिव्ह. दुसऱ्या नर्सरीची ओळ निगेटिव्ह.

लॅबप्रमुख सरांनी पुन्हा टेस्ट लावायला सांगितली. निकाल तोच.

"रोग कुठून आला ते लिहायचं का?" मी विचारलं.

"सायला किडीमुळेही पसरतो तो. शंभर टक्के सांगता येतं का?"

"नाही. पण शेजारची ओळ स्वच्छ आहे."

"मग तेवढंच लिहा. त्यांनी विचारलं तर खरं सांगा."

देवरावभाऊंनी विचारलंच. "पण ते फुलत कसं होतं मंग?"

"रोगामुळेच, भाऊ. आजारी झाड असं वेळ सोडून फुलतं."

त्यांनी रिपोर्टची घडी करून खिशात ठेवली. मग तिथूनच त्यांनी मोबाइल स्पीकरवर लावला.

"सुनंदे, रोग माह्याच झाडाचा हाय. सासऱ्याले फोन दे, मी सांगतो. कलमं काढून टाकू. मी तपासलेली नवी आणून देतो."

पलीकडे कुणाशी तरी बोलणं झालं. मग तीच परत आली.

"कलमं नको म्हणतात, बाबा. सोयाबीन पेरणार हायेत. अन् तुमी... तुमी आता इकडे येऊ नका काही दिवस."

"बरं बाई," ते म्हणाले.

बार्शीटाकळीची सगळी कलमं उपटून जाळली. वरूडचं झाड देवरावभाऊंनी स्वतः तोडलं.

तेव्हापासून नर्सरीवाल्यांना मी एवढंच सांगते. डोळा काढण्याआधी मूळ झाडाची चार पानं तपासून घ्या. झाड फार चांगलं वाटत असेल तर त्याचीच आधी तपासा.