मोठ्या सिस्टरांची रजा

नर्सिंग संपवून मी पहिल्या नोकरीवर गेले ती कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका सरकारी दवाखान्यात. आठ खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि बाळंतपणं करणाऱ्या मोठ्या सिस्टर. माझ्याआधी दोन वर्षांत तिघी नर्स येऊन गेल्या होत्या. मला दिलेल्या खोलीच्या दाराला आतून कडीच नव्हती, म्हणून सिस्टरांनी मला आपल्या खोलीत घेतलं.

त्या चाळिशीच्या, विधवा, माहेर मुरुडकडचं. खाडीपलीकडच्या बायका होडीतून उतरल्या की त्या आहेत का, एवढंच आधी विचारत.

त्या पावसाळ्यात त्यांच्या आईने अंथरूण धरलं. भावाचं पत्र आलं तशी त्यांनी आठ दिवसांची रजा मागितली. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. जिल्ह्याहून बदलीवर कुणी येईपर्यंत थांबा, म्हणाले. कुणी आलं नाही. दुसरं पत्र आलं त्या दिवशी एक बाई अडली होती. मी एकटी सांभाळते, असं मी म्हणायला हवं होतं. मी खाली बघत उभी राहिले. सिस्टर थांबल्या. बाळ-बाळंतीण दोघं वाचली.

तिसरं पत्र कोपरा फाडलेलं आलं, म्हणजे आई गेल्याचं. त्यांनी ते न उघडताच कमरेला खोचलं आणि आत जाऊन राहिलेलं ड्रेसिंग पुरं केलं.

संध्याकाळी मी म्हटलं, “माझ्यामुळे राहिलात तुम्ही.”

“तू काय करणार होतीस? तू नवी,” त्या म्हणाल्या. “पण आता माझा इथे कशाला हात लागत नाही बघ.”

त्यांनी राजीनामा लिहिला. डॉक्टरांनी आता रजा देतो म्हणून पुष्कळ समजावलं. त्या एवढंच म्हणाल्या, “आता कुणाकडे जाऊ?” चौथ्या दिवशी त्या एसटीत बसल्या.

पुढच्या महिन्यात धक्क्याला एक होडी लागली. आत कळा येत असलेली पोर आणि तिची सासू. सिस्टर गेल्याचं ऐकून सासूने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि होडी वळवायला लावली. मी थांबा, थांबा म्हणत गुडघाभर पाण्यात गेले. ती पोर पलीकडे पोचण्याआधीच गेली.

मी बदलीचा अर्ज केला. डॉक्टरांनी न वाचताच सही केली.