सुनेवरची पाळत

आक्काबाईंना चालण्याचा मनस्वी राग होता. जन्म पिशोरच्या माळावर मेंढरांमागं गेलेला. मुलगा केरबा वाळूजच्या कंपनीत लागला, तेव्हा म्हातारीनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे बसली. पाठोपाठ सुनेलाही बसवलं. कंपनीतल्या माणसाच्या बायकोनं पायी हिंडायचं नाही, हा त्यांचा कायदा. दळणसुद्धा केरबाच्या स्कूटरवरून जायचं. माझं घर त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळं काही लपायचं नाही.

बसून बसून सून राजाबाई फुगली. पाळी महिनोन्‌महिने येईना, हनुवटीवर केस आले, मूल तर नाहीच. आक्काबाईंनी तिला उपास लावले. म्हणजे साबुदाणा, रताळी आणि नवसाचे पेढे. उपाशी बाई घरात सगळ्यांत जास्त खात होती. तरीही दिवस जाईनात, तेव्हा त्यांनी केरबासाठी वैजापूरची दुसरी मुलगी हेरून ठेवली. राजाबाई रात्रंदिवस रडायची आणि माझा संताप व्हायचा.

मीच तिला शहरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडं नेलं. अंडाशयाचा विकार आहे, त्या म्हणाल्या. औषध देते, पण गोड आणि साबुदाणा बंद, ज्वारीची भाकरी, भाजी, आणि रोज भरभर चालणं. केरबालाही तपासणी सांगितली.

"मी कंपनीत परमनंट हाय," केरबा म्हणाला. "माझं काय तपासायचं?"

आक्काबाईंना तर चालण्याचं औषध म्हणजे अपमानच वाटला. सात पिढ्या चालल्या त्या काय सुनेनंही चालावं म्हणून? स्वतः दवाखान्यात जाऊन इंजेक्शन द्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाई वस्ताद निघाल्या. तरणी सून एकटी रस्त्यावर बरी दिसत नाही, तुम्हीच पाळत ठेवायला सोबत जा, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. पाळत म्हटल्यावर आक्काबाईंचे गुडघे एकदम बरे झाले.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावासाठी माणसं गावोगावहून पायी येत होती, लाठ्या खात होती. आणि आमच्या कॉलनीत बाईनं फाटकाबाहेर पाय टाकला तरी अब्रू जात होती. मेंढरांची काठी घेऊन निघालेल्या या दोघींना हवालदारानं अडवलं, कुठल्या मोर्च्याला म्हणून विचारलं. सुनेला चारायला नेतेय, असं सांगून आक्काबाई पुढं गेल्या. सून मागं रेंगाळली की काठी आपटायच्या. डॉक्टरीणबाई दर महिन्याला बोलवायच्या, काय खाल्लं विचारायच्या, चुकलं तरी ओरडायच्या नाहीत. हळूहळू राजाबाईची पाळी वेळेवर येऊ लागली. साडीच्या निऱ्या नीट बसू लागल्या.

तेवढ्यात वैजापूरचे पाहुणे आले. केरबा नवा शर्ट घालून, पोट सावरून खुर्चीत बसला. चहा ठेवता ठेवता राजाबाई सासूला म्हणाली, "आत्या, दुसरी आणायची तर आणा. पण आधी ह्यांना तपासा. माझ्या वाटचं मी चाललेय, तुम्ही बघितलंय."

रोज पहाटे तिला उठताना आक्काबाईंनीच पाहिलं होतं. त्यासाठीच तर पाळत होती. त्यांनी पाहुण्यांना चहा घेऊन निघायला सांगितलं, कोपऱ्यातली काठी उचलली आणि लेकाच्या खुर्चीवर हाणली.

"ऊठ. दवाखान्यात जायचंय," त्या म्हणाल्या. "आन् स्कूटर ऱ्हाऊ दे."