दामोदरभाऊ, आपल्याकडे येतोय!

आमच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या व्हॉलीबॉल टीमने कप जिंकला एकच, तोही कान तुटलेला. किस्से मात्र पोतंभर! आम्ही जुने गडी जळगावात कुठे चहाला बसलो की पहिला घोट पोटात जायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "दामोदर, तो भागवतचा सांग ना!" सांगावं लागतं मलाच, कारण सगळ्यात जास्त फजिती माझी झाली आहे.

भागवत पहूरचा, वय एकोणीस. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मॅनेजरसाहेबांनी त्याला खेळासाठीच नोकरीवर घेतला, माझ्या हाताखाली कारकून म्हणून. टीममध्ये तो बूस्टर, म्हणजे त्याने नेटजवळ बॉल उचलून द्यायचा आणि मी तो मारायचा.

पहिल्याच मॅचला याने उचललेला बॉल नेटपलीकडे, थेट त्यांच्या स्मॅशरच्या हातावर! त्याने तो आमच्या तोंडावर हाणला आणि वर म्हणाला, "जळगावकर पाहुणचाराला फार चांगले बुवा!"

माझं डोकंच फिरलं. तडक गेलो नानांकडे. नाना फॅक्टरीत कापसाच्या वजनकाट्यावर बसायचे. आमचे जुने कॅप्टन, गुडघे गेल्यापासून बाहेर बसून टीम चालवायचे.

"नाना, बदला याला!"

"तुला सायकल मीच शिकवली ना? माझ्या ओट्यावर किती वेळा आदळलास?"

"सात-आठदा."

"मग मी ओटा बदलला का?"

आणि माझ्यामागून आलेल्या भागवतच्या पाठीवर थाप मारून त्यांचं नेहमीचं, "व्हई जाई रे भो, व्हई जाई!" म्हणजे होऊन जाईल रे भाऊ.

*

नानांनी त्याला गोदामाच्या भिंतीवर रोज शंभर बॉल उचलायला लावले. एकदा बॉल उडाला तो कापसाच्या ढिगात गडप. दोन दिवस प्रॅक्टिस बंद! तिसऱ्या दिवशी कापूस निवडणाऱ्या एक अक्का तो पदरात घालून घेऊन आल्या.

"नाना, तुमची कोंबडी आमच्याकडे अंडं घालून गेली हो!"

*

हात सुधारला, पण जीभ अडली. बूस्टरने ज्याला बॉल द्यायचा त्याला ओरडून सांगायचं असतं. भागवत म्हणायचा, "दामोदरभाऊ, आपल्याकडे येतोय!" वाक्य संपेपर्यंत बॉल जमिनीवर!

नाना कावले. "लग्नाचं आवतण देतोस का रे? नुसतं 'घे' म्हण!"

"साहेबांना 'घे' कसं म्हणू, नाना?"

"मी साहेब ऑफिसात!" मी ओरडलो. खरं सांगतो, मनातून मला ते 'भाऊ, आपण' आवडायचं.

*

धुळ्याच्या मॅचआधी मॅनेजरसाहेबांनी बजावलं, "हरलात तर शिरपूरचा बूस्टर आणतो. जागा एकच आहे." म्हणजे भागवतची नोकरीच जाणार! पोरगं दोन दिवस डबा न उघडता परत नेत होतं. इतके दिवस 'बदला, बदला' म्हणणारा मी, आता मलाच वाईट वाटायला लागलं.

धुळ्यात शेवटच्या सेटला भागवतने लागोपाठ दोन बॉल घालवले. साहेब खुर्चीतून उठले. "नाना, बदला त्याला!"

नाना जागचे हलले नाहीत. "व्हई जाई, साहेब."

शेवटी आम्हाला एकच पॉइंट हवा होता. बॉल भागवतच्या हातातून वर चढला. मी समोरच्यांकडे बघत उभा, आणि कानावर आलं, "दाम्या, घे!"

अहो, मला दाम्या म्हणणारी जगात एकटी माझी आई! विचारबिचार काही नाही, ती हाक ऐकून मी उडालो आणि हाणला. बॉल रेषेच्या आत!

एकच आरडाओरडा झाला. साहेब टाळ्या वाजवत म्हणाले, "शिरपूरवाल्याला नको म्हणून कळवा!"

भागवत मात्र गायब. शोधतो तर मैदानामागे पाण्याच्या टाकीआड हात जोडून उभा. "भाऊ, चुकलो. तोंडातून निघून गेलं."

मी त्याचे जोडलेले हात सोडवायला पुढे झालो. तेवढ्यात नाना लंगडत आले.

"चुकलासच तू! मी काय सांगितलं होतं? नुसतं 'घे'! 'दाम्या' कशाला जोडलंस?"